कपातीतून आलेली बाग

आमच्या मंडळाचं वाचनालय गेली नऊ वर्षं एका सभासदाच्या गॅरेजमध्ये चाललंय. अकरा लोखंडी कपाटं, मधे एक टेबल, आणि शनिवारी संध्याकाळी पुस्तकं बदलायला येणारी तीस-चाळीस माणसं. जुन्या वडोदऱ्यात, म्हणजे दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या भागात, मराठी माणसाला वाचनालयाची, देवळाची, कार्यालयाची ददात कधी पडली नाही. गायकवाडीची पुण्याई. पण आम्ही ज्या काळात शहराच्या पश्चिमेला सोसायट्यांमध्ये राहायला आलो, तेव्हा इकडे शेतं होती आणि रस्त्याला दिवे नव्हते. आमचं म्हणावं असं काहीच नव्हतं. म्हणून 2024 च्या जूनमध्ये मंडळाच्या सभेत ठराव झाला की आता स्वतःची जागा करायची. खाली वाचनालय आणि बालवाडी, वर शंभर माणसं बसतील असा हॉल. मी चिटणीस, त्यात बँकेतून निवृत्त झालेली, कागद वाचायची सवय असलेली. काम माझ्याकडे आलं.

जागा कुठली, हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. आमच्या सोसायटीच्या मागच्या गेटाबाहेर एक मोठं मोकळं शेत आहे. कित्येक वर्षांत तिथे नांगर फिरला नाही. मुलं क्रिकेट खेळतात, सकाळी बायका फेऱ्या मारतात, आणि मधोमध कडुलिंबाची दोन मोठी झाडं आहेत. "रिकामीच तर पडली आहे, सरकारीच असणार," असं सभेत तीन जण म्हणाले आणि इतिवृत्तात मीच माझ्या हाताने लिहिलं, 'मागील रिकामी जागा'. पुढचे आठ महिने त्या 'रिकामी' या शब्दानेच माझी पाठ धरली.

पहिलं काम सोपं होतं. गुजरातमध्येही सातबारा आहे आणि तो एनीआरओआर या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो. सर्व्हे नंबर टाकला, आणि सरकारी समजलेली जमीन एका पटेल कुटुंबाच्या नावावर निघाली. ते काका मला तोंडओळखीने माहीत होते. संध्याकाळी लिंबाखाली खाट टाकून बसलेले असत. इतकी वर्षं आम्ही त्यांच्या शेतातून चाललो, आणि ते तिथे का बसतात हे एकदाही विचारलं नव्हतं.

दुसरा कागद झोनच्या दाखल्याचा. विकास आराखड्यात, ज्याला इथे सगळे डी.पी. म्हणतात, ही जमीन रहिवासी झोनमध्ये, पिवळ्या रंगात. मला आनंद झाला. रहिवासी झोनमध्ये शाळा, वाचनालय, दवाखाना यांना जागा असते एवढं मी वाचलं होतं, तेव्हा निदान वापराचा अडथळा नाही, मालकाशी बोलून जमीन भाड्याने किंवा विकत घेता येईल असं मनात आलं. तो दाखला घेऊन मी कचेरीतल्या एका ड्राफ्ट्समनसमोर बसले. वयस्कर माणूस, चष्मा कपाळावर. त्याने दाखला बाजूला ठेवला आणि एक गुंडाळी उलगडली. म्हणाला, "बेन, झोन म्हणजे मोहल्ल्याचा स्वभाव. प्रत्येक प्लॉटचं नशीब टी.पी.त लिहिलेलं असतं. तुमच्या भागात टी.पी.चा इरादा फेब्रुवारीत जाहीर झालाय. आता त्या हद्दीत परवानगीशिवाय कुणाला वीटही लावता येत नाही."

टी.पी. म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम. वडोदऱ्यात हा शब्द भाजीवाल्यालाही माहीत आहे. मला मात्र त्याचा अर्थ त्या दिवशी पहिल्यांदा कळला, आणि तो समजल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही, म्हणून सविस्तर सांगते.

बागेसाठी किंवा शाळेसाठी शहराला जमीन लागते. ती मिळवायचा एक मार्ग म्हणजे डी.पी.त आरक्षण टाकायचं आणि मग पैसे देऊन जमीन संपादन करायची. त्यात पैसे जमत नाहीत, वर्षं जातात. गुजरातच्या 1976 च्या नगररचना कायद्यात तर असं आहे, की दहा वर्षांत संपादन झालं नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर सहा महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होतं. बाग कागदावरच हिरवी राहते आणि कागदावरच वाळते. दुसरा मार्ग टी.पी.चा. हद्दीतल्या सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, प्रत्येकाकडून थोडी थोडी कापून घ्यायची, त्यातून रस्ते, बागा, शाळा, दवाखाने काढायचे, आणि उरलेली जमीन चौकोनी, रस्त्याला लागून अशी करून ज्याची त्याला परत द्यायची. मूळ जमिनीला म्हणतात ओ.पी., परत मिळालेल्या तुकड्याला एफ.पी., आणि जे कापलं जातं ती कपात. जमीन कमी होते, पण वाकड्यातिकड्या, रस्ता नसलेल्या शेताचा दर्शनी प्लॉट होतो, भाव वाढतो. त्या वाढीव किमतीचा जास्तीत जास्त निम्मा भाग मालकाने वर्गणी म्हणून द्यायचा असतो.

ही कल्पना आजची नाही. मुंबई इलाख्यात 1915 मध्येच तिचा कायदा झाला होता. बडोदे तेव्हा संस्थान, त्या कायद्याच्या बाहेर. पण पुढच्याच वर्षी पॅट्रिक गेडिस यांनी सयाजीराव महाराजांना शहराच्या वाढीबद्दल अहवाल दिला होता. नगररचनेचा विचार या गावाला नवा नाही, एवढंच मला म्हणायचंय.

जुलैच्या शेवटी जमीनमालकांची सभा झाली. सोसायटीची जमीनही स्कीमच्या हद्दीत असल्याने आम्हालाही बोलावणं होतं, आणि सोसायटीच्या वतीने मी गेले. मांडवात दोनेकशे माणसं, बहुतेक शेतकरी, पुढे भिंतीवर नकाशा. अधिकाऱ्यांनी कायद्यातलं प्रमाण वाचून दाखवलं. स्कीमच्या एकूण क्षेत्रातून साधारण 15 टक्के रस्त्यांना, 5 टक्के बागा, मैदानं आणि मोकळ्या जागांना, 5 टक्के शाळा, दवाखाना, अग्निशमन केंद्र अशा सामाजिक सुविधांना, आणि 15 टक्के प्राधिकरणाने, म्हणजे स्कीम राबवणाऱ्या सरकारी संस्थेने, विकून रस्ते-गटारांचा खर्च भागवण्यासाठी. बेरीज 40. भागाच्या गरजेप्रमाणे आणि कारणं लेखी नोंदवून हे आकडे मागेपुढे करता येतात, पण पाया हाच.

मी वहीत लिहून घेतलं आणि त्यातल्या दोन पाचांभोवती गोल काढला. बागेचे पाच वेगळे, वाचनालय-बालवाडीसारख्या कामांचे पाच वेगळे. कायद्याने दोघांची ताटं वेगळी वाढली होती.

मग नकाशाजवळ गेले. पटेलकाकांच्या शेताचे तीन भाग झाले होते. रस्त्याकडचा मोठा भाग त्यांचा एफ.पी., कडेने बारा मीटरचा नवा रस्ता, आणि आमच्या मागच्या गेटाला लागून हिरवा चौकोन. त्यावर लिहिलं होतं: गार्डन. सामाजिक सुविधेचा प्लॉट शोधायला मला पाच मिनिटं लागली. तो दोन रस्ते पलीकडे, कांसाच्या काठावर होता.

कांस म्हणजे पावसाचं पाणी नदीकडे नेणारा मोठा उघडा नाला. वडोदऱ्याबाहेरच्या वाचकांसाठी हे सांगायला हवं, कारण पुढच्या महिन्यात हा शब्द आमच्या घराघरांत शिरला.

2024 च्या ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला. काळाघोडा पुलापाशी धोक्याची पातळी 26 फुटांची. पाणी 35 फुटांच्या वर गेलं. शहराचा मोठा भाग तीन-तीन दिवस पाण्यात होता. आमच्या बाजूला नदीचं पाणी आलं नाही, पण कांस उलटे फिरले. रात्री दोन वाजता गॅरेजमध्ये गुडघाभर पाणी होतं. अंधारात टॉर्च धरून आम्ही सहा जणांनी वरचे कप्पे रिकामे केले. खालचे वाचवता आले नाहीत. अकरा कपाटांचे अकरा खालचे कप्पे, साधारण चारशे पुस्तकं. पाणी उतरल्यावर गच्चीवर दोऱ्या बांधून, केसांच्या पिना लावून आम्ही पानं वाळवली. ओली पानं एकमेकांना चिकटतात. ती सुरीच्या पात्याने नाही, पोस्टकार्डाच्या कडेने हळूहळू सोडवायची, हे त्या आठवड्यात शिकले. जुन्या दिवाळी अंकांचा चकचकीत कागद मात्र सुटतच नाही. त्यांच्या विटा झाल्या. त्या बाहेर टाकताना गॅरेजच्या मालकीणबाई, आमच्या वहिनी, दारात उभ्या राहून रडल्या.

त्याच आठवड्यात मी आणखी एक गोष्ट पाहिली. मागच्या शेतात पाणी आमच्या आवारापेक्षा आधी भरलं आणि आधी ओसरलं. आमच्या फरसबंद आवारात तिसऱ्या दिवशीही घोटाभर पाणी होतं, आणि शेतात लिंबाखाली चिखल दिसायला लागला होता. मातीने पाणी पिऊन टाकलं होतं. मी शास्त्रज्ञ नाही, जे दिसलं ते सांगते.

सप्टेंबरमध्ये मंडळाची सभा झाली, आणि ती चार तास चालली. आता निकड वाढली होती. पुस्तकं पुन्हा भिजू द्यायची नाहीत, यावर सगळ्यांचं एकमत. पण त्यावरून निघालेला मार्ग एका गटाने आधीच ठरवला होता. बागेचा प्लॉट मोठा, नकाशातल्या मापाने 2,150 चौरस मीटर, दाराशी, कांसापासून लांब. त्याचा हेतुफेर करून घ्यायचा. हेतुफेर हा इथल्या कचेऱ्यांतला शब्द; प्लॉटचा ठरलेला उपयोग बदलणे. "स्कीम अजून मसुद्यात आहे, आत्ताच अर्ज केला तर सोपं जाईल, एकदा फायनल झाली की शासनाकडून स्कीमच बदलून आणावी लागेल," हे त्यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या खरंच होतं. अर्धी बाग, अर्धा हॉल, अशी तडजोडही पुढे आली.

एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना मी लहानपणापासून भाऊ म्हणते, ते उठून म्हणाले, "सयाजीराव महाराजांनी कमाटी बागेत म्युझियम बांधलंच ना? बागेत विद्येची वास्तू असणं ही तर आपली परंपरा."

सभेत टाळ्या पडल्या. मलाही क्षणभर उत्तर सुचलं नाही, कारण कमाटी बाग हे माझं बालपण आहे. पण रात्री घरी विचार केला तेव्हा लक्षात आलं. कमाटी बाग, म्हणजेच सयाजी बाग, 1879 सालची, एकशे तेरा एकरांच्या आसपास. म्युझियमची इमारत 1894 ची. एकशे तेरा एकरांत एक इमारत बसते आणि बाग बागच राहते. आमच्या अर्ध्या एकराच्या चौकोनात हॉल, त्याचं पार्किंग, चारही बाजूंचं मार्जिन, अग्निशमनाच्या गाडीची वाट एवढं काढलं, की उरतात त्या चार कुंड्या. मी कागदावर मापं टाकून पाहिली. मुलांच्या क्रिकेटला पिचही उरत नव्हतं.

आणखी एक गोष्ट सभेत कुणी बोललं नव्हतं. बांधकामाच्या नियमांत वाचनालय एका वर्गात बसतं आणि माणसं जमण्याचा हॉल दुसऱ्या. हॉल आला की समोरचा रस्ता किती रुंद, गाड्या कुठे लागणार, जिने किती, याचे नियम कडक होतात, आणि तो लग्नामुंजीला भाड्याने दिला की वापरच बदलतो. आमच्यातल्या अनेकांचा हिशेब भाड्यावरच उभा होता. त्यांना दोष देत नाही. मंडळं चालवायला पैसा लागतो. पण भाड्याचा हॉल आणि मुलांची बाग एकाच चौकोनात मागायची, हे मला पटेना.

माझा भाचा वकील आहे. त्याने बंगळूरच्या एका निकालाची माहिती दिली. तिथे योजनेत बागेसाठी राखलेली मोकळी जागा एका खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली. शेजारच्या रहिवाशांनी दाद मागितली, आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप बेकायदा ठरवलं. रुग्णालय हे लोकोपयोगीच काम, तरीही. बागेची मोकळी जागा ही त्या भागातल्या लोकांच्या आरोग्याची गोष्ट आहे, आणि ती राखण्यासाठी रहिवाशांना न्यायालयात जाता येतं, हे त्यात स्पष्ट झालं. "मामी, उद्या तुमच्या हॉलविरुद्ध शेजारची सोसायटी हेच वाचून दाखवेल," भाचा म्हणाला.

पण माझं मन खऱ्या अर्थाने वळलं ते निकालाने नाही. त्याआधी मी पटेलकाकांकडे जाऊन आले होते.

संध्याकाळी, खाटेवर. त्यांनी मला बसायला जागा दिली, आतून पाणी मागवलं. मी एफ फॉर्मची प्रत बरोबर नेली होती. कुणाची किती जमीन होती, किती मिळणार, किती पैसे देणं-घेणं, हा सगळा तक्ता म्हणजे एफ फॉर्म. सभेत ठेवलेल्या कच्च्या तक्त्याची ती झेरॉक्स होती. त्यांना आकडे माहीत होतेच. मूळ जमीन 9,800 चौरस मीटर. परत मिळणार 5,880. म्हणजे 3,920 गेले. त्यातले 2,150 बागेत, उरलेले रस्त्यात. मग त्यांनी बोट खाली सरकवून आमच्या सोसायटीच्या ओळीवर ठेवलं. आमची जमीन आधीपासून बांधलेली, म्हणून जेवढी होती तेवढीच परत. कपातीच्या रकान्यात शून्य.

मी इतके दिवस तो तक्ता जवळ बाळगून होते. त्या शून्याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

मी हॉलची गोष्ट काढली. लपवायचं नव्हतं. वाचनालयाबद्दल सांगितलं, भिजलेल्या पुस्तकांबद्दल सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बेन, जमीन में बगीचा माटे आपी छे." म्हणजे जमीन मी बागेसाठी दिली आहे, हॉलसाठी नाही. एवढंच. आवाज चढवला नाही. पुढे म्हणाले की सभेत अधिकाऱ्याने बगीचा असं सांगितलं, म्हणून घरात मुलांना समजावता आलं. नातवंडं खेळतील, आपली दोन झाडं राहतील. वडिलांनी लावलेली झाडं आहेत. उद्या त्या जागी भाड्याने लग्नं लागणार असतील तर ते मुलांना काय सांगणार?

परत येताना मी मागच्या गेटात बराच वेळ उभी होते. कपात म्हणजे नुसता टक्का नाही. ती एका माणसाकडून एका कारणासाठी घेतलेली जमीन आहे. ते कारण बदललं तर घेतानाची बोलीच खोटी पडते. आणि बदलायला कोण निघालं होतं? ज्यांच्या रकान्यात शून्य होतं, ते आम्ही.

पुढच्या सभेत मी हे सगळं उभं राहून सांगितलं. आकड्यांसकट. भाऊंनी तक्ता स्वतःच्या हातात घेऊन वाचला, दोनदा वाचला, आणि खाली बसले. ठराव बदलला: बाग बागच राहावी, आणि मंडळाने सामाजिक सुविधेच्या प्लॉटसाठी प्रयत्न करावा. अकरा विरुद्ध सहा. त्या सहांतले दोघे अजून माझ्याशी मोकळेपणाने बोलत नाहीत, याचं मला दुःख आहे.

आता प्रश्न उरला कांसाचा. ज्या काठावरून पाणी उलटं फिरतं, तिथेच बालवाडी आणि पुस्तकं न्यायची का? नोव्हेंबरमध्ये मसुदा स्कीम रीतसर प्रसिद्ध झाली. प्रसिद्धीपासून एक महिन्याच्या आत बाधित व्यक्तीने लेखी हरकत द्यायची. ती विचारात घेऊन, स्कीम शासनाकडे पाठवण्याआधी प्राधिकरण फेरफार करू शकतं. कायद्याचं कलम 47. इथे याला वांधा अरजी म्हणतात. दिवस मोजून ठेवा, असं मी कुणालाही सांगेन. आमचे पहिले नऊ दिवस नकाशाची वाचता येईल अशी प्रत मिळवण्यात गेले. पहिल्या प्रतीत एफ.पी.चे आकडे पुसट होते, आणि खिडकीवरच्या माणसाने आम्हाला शेजारच्या स्कीमचा नकाशा दिला होता. ते घरी आल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग.

अर्ज मी तीनदा लिहिला. पहिल्या खर्ड्यात चार पानं भावना होत्या. ड्राफ्ट्समनसाहेबांनी वाचून परत दिला: "बेन, नंबर लिहा. कुठला एफ.पी., काय हवं, का हवं. बाकी इथे कुणी वाचत नाही." शेवटचा अर्ज सव्वा पानाचा झाला. एक, बागेच्या एफ.पी.चा हेतू कायम ठेवावा. हेतुफेराची कुठलीही मागणी आल्यास आमची हरकत नोंदवावी. दोन, सामाजिक सुविधेचा प्लॉट कांसाच्या काठावरून हलवून उंच भागात द्यावा. सोबत ऑगस्टच्या पुराचे फोटो, तारखेसह, आणि पाणी कुठवर चढलं त्याच्या भिंतीवरच्या खुणा. तीन, बागेतली दोन कडुलिंबाची झाडं नकाशावर दाखवावीत. अर्ज गुजरातीत, खाली सोसायटीचा शिक्का, सोबत चौऱ्याहत्तर सह्या. पटेलकाकांनी स्वतंत्र अर्ज केला, तोही मीच लिहून दिला. दोन्हींच्या प्रतींवर आवक नंबर आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय मी खिडकी सोडली नाही. बँकेतली सवय.

सुनावणीला सात मिनिटं मिळाली. समोर तिघे अधिकारी. बागेबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, फक्त मान डोलावली. कांसाबद्दल मात्र फोटो हातात घेऊन बघितले. त्यातला एक फोटो सामाजिक सुविधेच्या प्लॉटच्या कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाचा होता, आणि पाण्याची रेघ खांबावरच्या लाल नंबरच्या वर होती. तरुण अधिकाऱ्याने नकाशावर तो खांब शोधला, पेन्सिलने खूण केली. आम्ही बाहेर आलो तेव्हा पुढच्या अर्जदाराचं नाव पुकारलं जात होतं.

शासनाकडे पाठवायचा सुधारित मसुदा फेब्रुवारीत तयार झाला. बाग जशीच्या तशी राहिली आहे. सामाजिक सुविधेचा प्लॉट कांसापासून एक रस्ता आत आला. त्यासाठी विक्रीचा एक प्लॉट काठाकडे सरकला, आणि आमच्या प्लॉटचं क्षेत्र 1,400 वरून 1,250 चौरस मीटर झालं. मी 'आमचा' म्हणते, पण तो आमचा नाही. तो प्राधिकरणाचा आहे. तिथे शाळा होईल, दवाखाना होईल की वाचनालयाला वाव मिळेल, ते त्यांच्या धोरणाप्रमाणे ठरेल, आणि मंडळाला इतरांसारखाच अर्ज करावा लागेल. त्याआधी शासनाची मंजुरी, मग नगररचना अधिकाऱ्याची नेमणूक, पुन्हा एकदा प्रत्येक मालकाला नोटीस आणि सुनावणी. वर्षं लागतील. तोवर पुस्तकं गॅरेजमध्येच आहेत. फक्त सगळी कपाटं आता विटांच्या चौथऱ्यावर, जमिनीपासून अडीच फूट वर घेतली आहेत. खालच्या कप्प्यात पुस्तकं ठेवत नाही. तिथे बालवाडीची खेळणी असतात. ती भिजली तरी वाळतात.

नवा नकाशा आला त्या संध्याकाळी तो घेऊन मी लिंबाखाली गेले. काकांनी चष्मा लावला, नकाशा खाटेवर पसरला, चारही कोपऱ्यांवर पाण्याचे पेले ठेवले. हिरव्या चौकोनात एक छोटा गोल होता. एकच. आम्ही दोघांनी बोटाने अंतर मोजलं. दुसरं झाड नव्या रस्त्याच्या कडेत येत होतं, जेमतेम दीड मीटर आत.

दुसऱ्या झाडासाठी वेगळा अर्ज दिला आहे: रस्त्याची कड तिथे तेवढी वळवावी, किंवा झाड पदपथात घ्यावं. सोबत झाडाच्या बुंध्याचा घेर लिहिला आहे. काकांनी दोरीने मोजला, मी टेपवर धरला. दोन मीटर चाळीस. आवक नंबर घेतला आहे.